हरभऱ्यावरचं कापड

"आहे का?" आई विचारायची. मी हातातलं काम ठेवून, नाक वर करून हवा हुंगायचे आणि सांगायचे, "नाही." ती मान हलवायची आणि पुन्हा पोळी लाटायला लागायची.

आमच्या धुळ्याच्या घरात हा प्रश्न कधीही यायचा. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, टीव्हीवर बातम्या चालू असताना. बाहेरच्या माणसाला वाटलं असतं, गॅस गळतोय की काय म्हणून विचारतेय. पण ती रॉकेलबद्दल विचारायची. आमच्या घरात रॉकेलचा थेंब नव्हता. रेशनवर ते मिळायचं बंद झालं होतं, आणि ज्याच्या अंगाला त्याचा वास यायचा तो माणूसही उरला नव्हता.

बाबांचा छापखाना होता. गल्लीतली एक खोली, पायाने चालवायचं जुनं मशीन आणि लाकडी खणांमध्ये शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं. काम संपलं की ते रॉकेलच्या बोळ्याने खिळे पुसायचे. साबणाने कितीही हात धुतले तरी तो वास नखांत राहायचा. घर लग्नपत्रिकांवर चालायचं आणि बाबा पत्रकांवर. पाण्यासाठी, मजुरीसाठी, अंगारे-धुपारे विकणाऱ्यांच्या विरोधात ते पत्रकं छापायचे आणि मशिनीखाली बसून मी ती मोठ्याने वाचायचे. मी पाटीवर अक्षरं शिकलेच नाही. खिळ्यांवर शिकले, त्यामुळे उलटी अक्षरं मला आजही सुलट्यांइतकीच सहज वाचता येतात.

साथीच्या तापात दोघंही आजारी पडले. बाबांना दवाखान्यात नेलं, आई घरीच राहिली. तिने त्यांना शेवटचं पाहिलं ते गाडीचं दार लागताना. नंतर कुणालाच जवळ जाऊ दिलं नाही. आईचा ताप उतरला, पण वास गेला. फोडणी जळली तरी तिला कळायचं नाही. जेवणात फक्त खारट, आंबट आणि तिखट कळायचं. असे बरेच महिने गेले, आणि एका सकाळी चहा गाळताना तिने अगदी सहज विचारलं, "रॉकेल कुठे सांडलंय का गं?"

शेजारच्या आजी बाबांना भाऊ म्हणायच्या. त्यांनी लगेच निदान केलं. त्या दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊ आठेच शेतस. त्यास्ले मोकळं करनं पडी." बाबा म्हणे इथेच अडकून होते. कापडण्याच्या बाजूला कुणी भगत आहे, तो एका बैठकीत मोकळं करतो, असंही त्यांनी सांगितलं. मी उखडले. तोंडाने भांडण्यापेक्षा मला लिहिणं बरं जमतं, म्हणून मी पानभर मजकूर लिहिला. नाकातली नस दुखावली की मेंदू स्वतःच वास तयार करतो, यात कुणी आलेलं नाही आणि कुणाला घालवायचंही नाही, असं सगळं त्यात होतं. तो कागद मी त्यांच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला ठेचा पाठवला, त्याच कागदात बांधून.

आई हसली. मग म्हणाली, "तेल लागलं तरी अक्षर फुटलं नाही. बाबांना आवडलं असतं."

डॉक्टरांनीही मला नसेचंच कारण सांगितलं होतं. औषध नाही, पण सराव आहे. लवंग, लिंबाची साल, कापूर, कॉफी रोज नाकाशी धरायची, खोल श्वास घ्यायचा आणि तो वास आठवायचा प्रयत्न करायचा. नस हळूहळू शिकते. आम्ही दोघींनी मिळून एक नियमही केला. रॉकेलचा वास आला की आईने विचारायचं आणि मी खरं काय ते सांगायचं, म्हणजे खऱ्याखोट्याची गल्लत होणार नाही. हा नियम माझाच. मला तो फार सरळ आणि स्वच्छ वाटत होता.

मी शाळेत शिकवते. नाताळची सुट्टी लागली तशी मी आईला घेऊन मावशीकडे असोद्याला गेले. चार डब्या हुंगून काय होणार, हिवाळ्याचं अख्खं शिवार नाकाशी धरू, असा माझा हिशेब होता. हल्ली लोक याचेही पास काढतात. गाडीतून उतरायचं, बैलगाडीत बसून फोटो काढायचे, गाणी वाजवत हुरडा खायचा आणि निसर्ग झाला. मला ते सहन होत नाही. आम्ही एसटीने गेलो. एरंडोलपर्यंत आई खिडकीची काच उघडून बसली होती. रुंद झालेल्या रस्त्यावर आता एकही जुनं कडुलिंबाचं झाड नाही. पूर्वी कुठल्या झाडाखाली बाबा एसटी थांबवून उतरायचे आणि पत्रकं वाटायचे, हे ती मोकळ्या जागांकडे बोट दाखवून सांगत होती. "इथे," ती म्हणायची. तिथे काहीच नसायचं.

मावशीचं शेत गावापासून चालत जाण्याइतकं. एका अंगाला केळी, पलीकडे कपाशीच्या शेवटच्या वेचण्या, आणि विहिरीजवळच्या तुकड्यात हरभरा. बांधावर पत्र्याचं शेड आहे. छापखाना मोडला तेव्हा मशीन भंगारात गेलं. उरलेलं थोडंफार सामान आमच्या लहान घरात मावेना, म्हणून ते एका पत्र्याच्या पेटीत घालून मावशीने या शेडमध्ये ठेवून घेतलं होतं. ती पेटी मी त्या सुट्टीत उघडली नाही. आईनेही उघडली नाही. आम्ही दोघी तिच्यावर शाली काढून ठेवायचो, इतकंच.

पहाटे आम्ही केळीच्या बागेत शिरायचो. बाहेर आभाळ कोरडं असायचं आणि आत पाऊस पडत असायचा. रात्रभराचं दव रुंद पानांवर साचतं, मग शिरेवरून घरंगळत येतं आणि खालच्या वाळलेल्या पानांवर टपटपतं. नुसतं उभं राहून ऐकलं तर वाटतं, खूप माणसं अंधारात हलक्या पावलांनी इकडून तिकडे जात आहेत. थंडीने केळीला चरका बसू नये म्हणून काका रात्री बांधावर पालापाचोळा पेटवून ठेवायचे. त्याचा धूर वर न जाता खोडांमधून कमरेएवढ्या उंचीवर पसरलेला असायचा. आई त्यातून पुढे चालायची आणि मला तिचं फक्त डोकं आणि खांदे दिसायचे.

ती खूश होती, हे मान्य करायलाच हवं. चपला काढून ती पाटाच्या ओल्या मातीत उभी राहायची आणि थंडीने बोटं आखडून घ्यायची. केळीच्या खोडाची गार, गुळगुळीत साल गालाला लावायची. हरभऱ्याचं पान खुडून जिभेवर ठेवलं की डोळे मिटायची, कारण आंबट तिला कळत होतं. "हे मात्र सगळं आलं," ती म्हणायची. हरभऱ्यात चालून आलं की आमच्या साड्या-सलवारी गुडघ्यापर्यंत भिजायच्या आणि पोटऱ्या चरचरायच्या.

मी मात्र तिच्या नाकाच्या मागे लागले होते. शेणाचा सडा, ओली मेथी, उसाचं चिपाड, विहिरीतला शेवाळी गारवा, जे दिसेल ते मी तिच्यापुढे धरत होते. "घे. खोल घे. काही येतंय?"

"नाही."

एका संध्याकाळी भरीत केलं. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या पेटवल्या आणि त्यात असोद्याची ती मोठी, हिरवी-पांढरी वांगी टाकली. साल फुटून रस जाळावर पडला की सूं असा आवाज येतो आणि एक गोडसर, करपट वास सबंध शिवारात पसरतो. या वासावर आमच्याकडे रस्त्याने जाणारी माणसं वाट वाकडी करून येतात. काकांनी वांगी सोलून काठवटीत घातली, मिरच्या-लसूण आणि कांद्याची पात घालून ठेचली. सगळे आईकडे बघत होते. तिने घास घेतला. तिचे डोळे पाणावले तशी मी पुढे सरकले.

"मिरची झोंबली," ती म्हणाली.

मावशी माझ्यावर करवादली. "कायले तिच्या मांगं लागली वं तू? जेवू दे ना तिले. वांग्याचा वास नई आला तं काय वांगं रुसून रायलं?"

"मावशी, सराव केल्याशिवाय येणार नाही."

"मास्तरीन झाली तं घरातबी परीक्षाच घेते," मावशी काकांना म्हणाली. काका हसले आणि त्यांनी माझ्या ताटात आणखी भरीत वाढलं. ते त्यांचं समजूत घालणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत मी आईला केळफुलाची एक लाल पाकळी सोलून दिली. तिने ती नाकाशी धरली, डोळे मिटले, मी शिकवलं होतं तसं. माझं लक्ष तिच्या छातीकडे गेलं. छाती हलत नव्हती. ती श्वास रोखून उभी होती.

"आई, तू श्वासच घेत नाहीयेस."

तिने पाकळी खाली केली.

"घरीसुद्धा असंच करतेस? लवंगेच्या वेळी?"

"घ्यायचे आधी," ती म्हणाली. "दिवाळीनंतर एकदा लवंग आली. अगदी पुसट, पण लवंगच. त्या दिवशी ते नाही आलं. दिवसभर नाही. मी छापखान्याच्या गल्लीतून चालत गेले मुद्दाम. तरी नाही." ती पाकळीच्या कडा बोटाने सरळ करत होती. "दुसरं काही यायला लागलं की ते जातं. माझ्या लक्षात आलंय."

"ते खरं नाहीये, आई."

"तूच सांगतेस ना रोज नाही म्हणून. मला माहीतच आहे."

"मग?"

"मग काय? मला त्यांना शेवटचं हात लावू दिला नाही कुणी. फोटो आहे तो कुणाच्या तरी लग्नातला, त्यात ते हसतायत तेही खोटं. हे एवढं येतं. भाजी चिरताना येतं. तू म्हणतेस नाही, मी म्हणते बरं. माझं काही म्हणणं नाही. पण ते घालवायला मला शिकवू नकोस."

माझ्याकडे या विषयावर पानभर मजकूर तयार होता. भीतीवर धंदा कसा चालतो, दुःखी माणसाला कसं फसवतात, सगळं पाठ. पण इथे कुणी भगत नव्हता, कुणी काही विकत नव्हतं, आणि समोरची बाई माझ्यापेक्षा जास्त शुद्धीवर होती. पानांवरून दव टपटपत होतं. मला पहिल्यांदाच त्या आवाजाकडे पाठ करून उभं राहवेना.

मी सराव थांबवला. पटलं म्हणून नाही. मला काही सुचेना म्हणून. त्यात मला सर्दी झाली. रोज पहाटे धुरातून आणि दवातून हिंडल्याचं फळ. नाक असं चोंदलं की तोंडाने श्वास घ्यावा लागत होता. मावशीने सुंठीचा काढा पाजला आणि म्हणाली, "पोटासाठी आंबबी काढून देते. घेऊन जा धुळ्याले."

हरभऱ्याच्या पानांवर थंडीत एक आंबट दव धरतं, तीच आंब. रात्री पिकावर स्वच्छ सुती कापड पसरून ठेवतात. पहाटेपर्यंत ते भिजून जड होतं, मग ते पिळून बाटलीत भरतात. पोट दुखलं की चमचाभर देतात. मावशी दर हिवाळ्यात काकांच्या जुन्या धोतरावर आंब धरते. आदल्या संध्याकाळी ती एकटीच जाऊन कापड पसरून आली होती.

पहाटे आम्ही तिघी निघालो. धुकं होतं, धूर होता, दोन्ही वेगळे ओळखू येत नव्हते. हरभऱ्यावर लांबलचक पांढरं कापड आडवं होतं, झाडांच्या उंचसखलपणाने जागोजागी फुगलेलं, आणि खाली कुणी झोपलेलं असावं तसं दिसत होतं. आई बांधावरच थांबली.

"आहे का?" तिने विचारलं.

मी सवयीने नाक वर केलं. "नाही."

तिने मान हलवली. मावशी कापडाचं टोक धरायला वाकली होती, ती तशीच मागे वळली. "काय नई?"

"काही नाही गं," आई म्हणाली. "मला उगाच रॉकेलचा वास येतो."

"उगाच काहून? मलेबी येऊन रायला." मावशीने कापड नाकाशी नेलं. "ह्या कापडालेच हाये. आनं तू कशी नई म्हनते वं? तुह्या नाकात तं बोये बसले."

माझं नाक सर्दीने बंदच होतं. मी पुढे गेले. ओल्या कापडातून अक्षरं वर येत होती. कापड पालथं पडलं होतं, त्यामुळे ती उलटी दिसत होती, पण मला ती वाचायला वेळ लागला नाही. एकेक हात लांबीची, लाल, बाबांच्या वळणाची. 'विहीर सगळ्यांची.' मोर्च्याला धरायचा फलक. खालच्या कोपऱ्यात रंगाचा ओघळ आला होता आणि तो त्यांनी बोटाने पुसला होता. बोटाची रेघ तशीच होती.

"धोतर सापडेना मले," मावशी सांगत होती. "मंग तुमच्या पेटीत पायलं. कापड चांगलं जाड दिसलं, घडी करेल होतं. अंधारात काय दिसते लिहेलं? त्यातली रॉकेलची बाटली फुटली वाटते, वास तं कालबी येत होता. मले वाटलं, उडून जाईन रात्रीतून." मग आईच्या चेहऱ्याकडे बघून तिचा आवाज उतरला. "चुकलं का काही, अक्का?"

आई हरभऱ्यात शिरली. पोटऱ्यांना आंब लागत असणार, ती थांबली नाही. तिने कापडाचं टोक दोन्ही हातांत गोळा केलं आणि त्यात तोंड घातलं. या वेळी तिची छाती हलली. पाठ, खांदे, सगळंच हललं. ती असे श्वास घेत होती जसे मी तिला इतके दिवस घ्यायला सांगत होते, आणि मला तिला थांबवावंसं वाटत होतं.

बऱ्याच वेळाने तिने तोंड वर केलं. भांबावल्यासारखं आजूबाजूला बघितलं. "धूर येतोय," ती म्हणाली. "पाल्याचा. कच्चा धूर." मग खाली हरभऱ्याकडे पाहिलं, पुन्हा नाक ओढलं, आणि ती मावशीकडे वळली. "तू अजून मशेरी लावतेस? सोडली म्हणाली होतीस ना?"

मावशीने तोंडावर पदर घेतला. "घ्या. बरी झाली तं पयली माह्याच मागं लागली."

आम्ही हसलो. आईही हसली, आणि हसता हसता ती कापड सोडेना.

आंब वाया गेली. मावशीने ती बांधावर पिळून टाकली, रंगाने किंचित लालसर झालेली. तिला कापड धुवायचं होतं, आई नको म्हणाली. ओलंच पेटीत ठेवलं तर कुजेल, मावशी म्हणाली, आणि ते खरंच होतं. शेवटी आईने ते कुंपणाच्या तारेवर वाळत घातलं, अक्षरं सुलटी करून. धुकं गेलं, ऊन आलं. मावशी केळीकडे गेली, काका मोटर चालू करायला गेले. आई पोतं अंथरून त्या कापडाजवळ बसली. मी दुपारी भाकरी घेऊन गेले तेव्हा तिथेच होती. मधूनच उठून कापड नाकाशी न्यायची, पुन्हा बसायची. उन्हात रॉकेल किती टिकणार, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. बाबांच्या वेळी तिला असं जवळ बसायला मिळालं नव्हतं.

संध्याकाळी कापड कडक वाळलं. आईने त्याची घडी केली आणि मला म्हणाली, "आता नुसत्या उन्हाचा येतो." पेटीत ठेवताना तिने झाकण लावलं, कडी मात्र घातली नाही.

आम्ही धुळ्याला परतलो. आई कापूर ओळखते, लिंबू ओळखते, शेजारच्या आजींकडे बोंबील भाजले की आधी तिला कळतं. आजी म्हणतात, बघ, गेले भाऊ मोकळे होऊन. मी त्यांना नवा कागद दिला नाही. डॉक्टर म्हणाले, छान प्रगती आहे. आईने त्यांना नमस्कार केला. तिचा तो प्रश्न त्यानंतर आला नाही. नियम माझा होता, आणि आता तो कुणालाच लागत नव्हता.

परवा शाळेतून आले, दारात चपला काढत होते. सर्दी कधीच बरी झाली होती. मला रॉकेल आलं. अंगावर यावं इतकं, खिळे पुसून बाबा नुकतेच आत गेले असावेत तसं. मी भिंतीला हात टेकून उभी राहिले. आई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत होती.

"आहे का?" मी विचारलं.

कशाबद्दल, हे तिने विचारलं नाही. नाक वर केलं, डोळे मिटले आणि सावकाश, भरपूर हवा आत घेतली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"नाही गं," ती म्हणाली. "दूध लागलंय." आणि गॅस बंद करायला आत गेली.